सभागृह आधी ऐका, मग कार्यक्रमांची यादी करा

तुम्ही पाठवलेली यादी दोनदा वाचली. वाचणाऱ्या इतरांना कळावं म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. तुमच्या गटाला कोल्हापुरातलं एक जुनं सभागृह वर्षभर चालवायला मिळालंय. १८० खुर्च्या, लाकडी रंगमंच, वर पत्रा आणि त्याखाली पातळ छत. जुलैच्या दुसऱ्या शनिवारपासून सप्टेंबरअखेरपर्यंत दर शनिवारी संध्याकाळी गाणं, नाटक आणि व्याख्यान आळीपाळीने ठेवायचं आहे. उद्घाटनाला मुंबईहून मोठं नाव आणायचं, तिसऱ्या आठवड्यात पुण्याचं व्यावसायिक नाटक. तुम्ही विचारलंय की यादी बरोबर आहे का, तिकीट लावावं की मोफत ठेवावं, आणि लोक येतील का.

गेली तीस-बत्तीस वर्षं मी हेच काम करतोय. पहिली काही वर्षं पडदा ओढला, तंबोरे वाहिले, मग आवाजाची व्यवस्था बघितली आणि पुढे कार्यक्रम लावू लागलो. तुमच्या यादीत कलाकार चांगले निवडलेत. पण यादी नावांवरून केली आहे. कार्यक्रम आधी सभागृहाला मानवला पाहिजे, नंतर गावाच्या त्या महिन्याला, आणि नावाचा विचार सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा झाला की मोठा गवय्यासुद्धा त्या संध्याकाळी लहान वाटतो, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो.

तुमच्या सभागृहावर पत्रा आहे आणि पहिला कार्यक्रम जुलैत आहे. आपल्याकडचा जुलैचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. एकदा पाऊस जोरात सुरू असताना आत जाऊन बसा. एकाने रंगमंचावर उभं राहून नेहमीच्या आवाजात वर्तमानपत्र वाचावं, दुसऱ्याने शेवटच्या रांगेत बसून काय कळतं ते लिहून काढावं. बडा ख्याल म्हणजे पहिली दहा-पंधरा मिनिटं अगदी खालच्या आवाजात स्वर लावणं. त्यावर पत्र्यावरच्या थेंबांचा मार पडला की गायक नकळत आवाज चढवतो, माईकवाला आणखी वाढवतो, स्पीकरमधून शिट्टी वाजते आणि बैठक मोडते. पत्र्याच्या वरून काथ्याच्या चटया घट्ट बांधून घेता आल्या तर थेंबांचा आवाज बराच मरतो. पण पाऊस संपला की त्या काढायच्याच. वाळलेला काथ्या छपरावर ठेवणं म्हणजे सरपण रचून ठेवणं आहे.

दुसरी तपासणी कोरड्या दिवशी करा. रंगमंचाच्या कडेला उभं राहून एकच जोरदार टाळी वाजवा. तुमची मागची भिंत मंचापासून साधारण पन्नास फुटांवर आहे असं तुम्ही लिहिलंय. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पन्नास फूट जाऊन परत यायला त्याला सेकंदाच्या अकराव्या-बाराव्या हिश्शाइतका वेळ लागतो. विसाव्या हिश्शाच्या पुढे गेलं की कान तो आवाज वेगळा मोजतो. म्हणजे तुमची टाळी तुम्हाला दोनदा ऐकू येणार, गायकाला स्वतःची तान मागून परत येणार आणि तबलजीला सम (तालाची पहिली मात्रा) दोनदा लागल्यासारखी वाटणार. व्याख्यात्याची शेवटची अक्षरं पुढच्या शब्दावर चढतील. माणसं भरली की आवाज बराच शोषला जातो हे खरं आहे. पण मागच्या रांगा रिकाम्या राहणार असतील तर ती आशा धरू नका.

यावर मी घोंगडी वापरतो. जाड, हातमागाची, आपल्या भागातल्या सनगरांनी विणलेली. मागच्या भिंतीवर सात-आठ घोंगड्या टांगायच्या, भिंतीला चिकटवून नाही, मध्ये चार बोटं अंतर सोडून, म्हणजे खालचे जाड आवाजही थोडे पकडले जातात. बाजूच्या भिंती उघड्या ठेवा. सगळीकडे कापड लावलं की सभागृह मुकं होतं आणि गाण्याला लागणारी थोडी आस, म्हणजे स्वरामागे रेंगाळणारा नाद, नाहीशी होते. बोलण्याला कोरडं सभागृह हवं आणि गाण्याला किंचित ओलं, म्हणून घोंगड्या दोरीवर सरकत्या ठेवा. व्याख्यानाला सगळ्या पसरायच्या, गाण्याला निम्म्या बाजूला ओढायच्या.

आता महिन्यांकडे वळतो. जुलै आणि ऑगस्टमध्ये बाहेरगावच्या कलाकारावर उद्घाटन टांगू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून पंचावन्न फुटांच्या वर गेली आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच झालं. त्या दिवसांत पुण्याची गाडी कोल्हापुरात येऊ शकत नव्हती आणि इथली माणसं बोटीतून शेजाऱ्यांना बाहेर काढत होती. पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागलं की त्या आठवड्याचा कार्यक्रम निमूटपणे पुढे ढकला आणि सभागृहाची किल्ली मदत करणाऱ्यांच्या हातात द्या. हे आधीच लिहून ठेवा, म्हणजे ऐनवेळी वाद होणार नाहीत.

म्हणून पावसाचे सहा आठवडे इथल्याच माणसांचे असू द्यात. पहिल्याच शनिवारी शाहिरी ठेवा. डफ, तुणतुणं आणि झांज पावसाला भीत नाहीत, आणि हे शाहीर पिराजीराव सरनाईकांचं गाव आहे, पोवाडा म्हटलं की पेठांतली माणसं आपणहून येतात. दुसऱ्या आठवड्यात पखवाजासह वारकरी भजन. आषाढीच्या आसपास ते गावाच्या मनातच असतं. चटया बांधून झाल्या आणि आवाज आटोक्यात आला की मल्हाराची एक बैठक करा. मियाँ मल्हार, गौड मल्हार आणि सूर मल्हार ऐकायला वर्षातले हेच दिवस. बाहेर पाऊस उघडलेला आणि आत मंद्रातला (खालच्या सप्तकातला) निषाद आंदोलत असलेला, असा योग आला तर तुमच्या सभागृहाला नाव मिळायला तेवढी एक संध्याकाळ पुरेल.

गाण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण यादीतल्या तुमच्या तिन्ही मैफली संध्याकाळी सातला आहेत. शनिवारी सातला सुरू करायचं आणि दहाच्या आत आवरायचं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या वाट्याला तेच ते राग येतात. यमन, बागेश्री, फार तर मालकंस. तोडी, जौनपुरी आणि देसकार हे सकाळचे राग प्रत्यक्ष मैफलीत कधीच न ऐकलेली एक पिढी माझ्यासमोर मोठी झाली याचं मला वाईट वाटतं. तीनपैकी एक बैठक रविवारी सकाळी आठला करा. सकाळी गंगावेशीत दूध प्यायला जाणारं हे शहर आहे, आठला येणार नाही असं मानू नका. सकाळी रस्त्यावर गाड्या कमी असतात, भिंती थंड असतात, गवयाचा गळा विश्रांती घेतलेला असतो. इचलकरंजी, कागल, कुरुंदवाडहून येणाऱ्यांना शेवटच्या एसटीची घाई नसते. माझ्या हातून झालेल्या बैठकांपैकी ज्या आजही लोक आठवतात त्या बहुतेक सकाळच्या आहेत.

आणि ज्या गावात आपण हे करतोय त्याची जाण ठेवा. शाहू महाराजांच्या आश्रयाने उस्ताद अल्लादिया खाँसाहेब इथे दरबारात राहिले आणि जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी या मातीत रुजली. त्यांचे चिरंजीव भुर्जीखाँ इथेच शिकवत राहिले, मल्लिकार्जुन मन्सूर त्यांच्याकडे शिकले. याच घराण्याच्या गायिका धोंडूताई कुलकर्णी कोल्हापूरच्याच. देवल क्लबासारखी १८८३ पासूनची गाण्याची संस्था आजही उभी आहे. सावनी नट, बसंती केदार, रायसा कानडा, खट हे अनवट, क्वचितच ऐकू येणारे राग ज्या घराण्याने जपले त्याचं हे माहेर आहे. तेव्हा तुमच्याकडे येणाऱ्या गायकाला आदराने विचारा, ‘एखादा अनवट राग ऐकवाल का? इथे ऐकणारे आहेत.’ कलाकाराला असं कुणी विचारत नाही, आणि विचारलं की तो वेगळ्या तयारीने येतो. बैठकीआधी कुणीतरी दोन मिनिटं त्या रागाचं चलन, म्हणजे त्याचे स्वर कसे चालतात ते, सोप्या शब्दांत सांगावं. तेवढंच, तिथे व्याख्यान नको.

तंबोऱ्यांची काळजी स्वतः घ्या. मिरज इथून पन्नासेक किलोमीटरवर आहे, तिथले तंबोरे देशभर जातात. एखादी जोडी भाड्याने किंवा ओळखीने मिळेल. पावसात भोपळा आणि लाकूड ओलावा धरतात, तबल्याची शाई आणि चामडं नरम पडतं. म्हणून वाद्यं किमान दोन तास आधी सभागृहात येऊ द्या आणि ज्या हवेत कार्यक्रम होणार त्याच हवेत जुळवू द्या. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका सभागृहात जवारीचे दोरे (घोडीवर तारेखाली सरकवायचे, नाद खुलवणारे धागे) लावून तंबोरे अगदी मिळून आले होते. मग प्रेक्षक यायच्या वेळी कुणीतरी एसी सुरू केला. पडदा उघडेपर्यंत दोन्ही तंबोरे सुरातून हलले होते, आणि गायिकेने पहिली वीस मिनिटं जुळवण्यात घालवली. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही. तेव्हापासून पंखे आणि एसी वाद्यं येण्याआधी सुरू होतात आणि शेवटपर्यंत कुणी हात लावत नाही.

माईकची संख्या कमी ठेवा. १८० माणसांच्या सभागृहात गायकाला एक, पेटीला एक, तबल्याच्या जोडीला दोन, तंबोऱ्यांना मिळून एक, एवढे पुरतात. आवाज मोठा करण्यासाठी ते नाहीत, मागच्या चार रांगांना पोचवण्यासाठी आहेत. साउंडवाल्याला पेटीवाल्याच्या मागे बसवू नका, प्रेक्षकांत मागच्या बाजूला मधोमध बसवा. जे त्याला ऐकू येईल तेच तो सुधारील.

आता ज्या दिवसाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे तो दिवस. तुमच्या यादीत ९ ऑगस्ट रिकामा आहे. शनिवार नसला तरी तो दिवस धरा. ती गायक-नट संगीतसूर्य केशवराव भोसले यांची जयंती. १८९० साली ते याच शहरात जन्मले, १९०८ मध्ये हुबळीला ललितकलादर्श ही नाटक कंपनी काढली आणि ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत बालगंधर्वांबरोबर ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते गेले, अवघ्या एकतिसाव्या वर्षी. शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात बांधलेल्या पॅलेस थिएटरला पुढे त्यांचं नाव मिळालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, जयंतीच्या आदल्या दिवशी, ते नाट्यगृह जळालं. मी त्या रात्री शेजारच्या खासबाग मैदानाच्या बाजूला उभा होतो. माझ्या आजूबाजूला नट होते, लाइटवाले होते, नाटक कधीच न केलेले पण आयुष्यभर तिथे नाटक बघितलेले लोक होते, आणि सगळे रडत होते. ज्या विंगेत मी पहिल्यांदा पडद्याची दोरी धरली ती डोळ्यांदेखत गेली. पुनर्बांधणी ठरली, काम सुरू झालं. पण मधल्या काळात शहरातली हौशी नाटकं आणि नाट्यपदांचे कार्यक्रम मिळेल त्या जागेत होतायत. तुमच्यासारख्या छोट्या सभागृहाची आज खरी गरज आहे ती याचसाठी.

तर ९ ऑगस्टला नाट्यसंगीताचा कार्यक्रम करा आणि तो विनामाईक करा. केशवराव गायचे तेव्हा माईक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणं ही गायकाची, वास्तूची आणि गप्प बसणाऱ्या प्रेक्षकांची मिळून केलेली कामगिरी होती. १८० खुर्च्या, ऑर्गन किंवा पायपेटी, तबला आणि उभं राहून गाणारे तीन-चार गायक. घोंगड्या अर्ध्या सरकवलेल्या, पंखे मंद, सगळ्यांचे फोन बंद. पावसाने जोर धरला तर गायकाने थांबावं, पाऊस ओसरल्यावर पुन्हा घ्यावं. लोक थांबतील. मी दोनदा हा प्रयोग वेगळ्या जागी केलाय, आणि दोन्ही वेळा पहिल्या पाच मिनिटांनंतर लोक खुर्चीत पुढे सरकून बसले.

नाटकाबाबत मात्र तुम्हाला नाही म्हणावं लागतंय. पुण्याचं ते व्यावसायिक नाटक तुमच्या मंचावर बसणार नाही. त्यांचे फ्लॅट (नेपथ्याच्या उभ्या चौकटी) बारा फुटी असतात, विंगेत सामान ठेवायला जागा लागते, नेपथ्याचा ट्रक मागच्या दारापर्यंत यावा लागतो, आणि हे सगळं उभं करायला चार तास. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वीज. एक हजार वॅटचे बारा स्पॉट लावले तर बारा किलोवॅट झाले, म्हणजे २३० व्होल्टवर पन्नास अँपियरच्या वर. जुन्या सभागृहातलं एक फेजचं कनेक्शन आणि पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या वायरी हे सहन करत नाहीत. एका एकांकिकेच्या वेळी दुसऱ्या प्रवेशात मेन उडाला आणि पोरांनी उरलेला प्रयोग दोन टॉर्चवर केला. प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या, मला मात्र स्विचबोर्डाजवळ गेल्यावर जळका वास आला होता आणि रात्रभर झोप लागली नाही. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून पूर्ण वायरिंग तपासून घेतल्याशिवाय पहिला कार्यक्रमच करू नका. एलईडी पार (रंगमंचाचे एलईडी दिवे) वापरा, त्यांना निम्म्यानेही वीज लागत नाही. दारं बाहेरच्या बाजूला उघडली पाहिजेत आणि कार्यक्रम चालू असताना कुठल्याही दाराला कुलूप असता कामा नये. पडद्यांना अग्निरोधक प्रक्रिया करून घ्या. अग्निशामक नळकांडी नुसती टांगून चालत नाही, तुमच्यातल्या किमान चौघांना ती चालवता आली पाहिजेत. ८ ऑगस्टची रात्र पाहिल्यावर या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

त्या मंचाला शोभेल ते करा. दोन-तीन पात्रांचा दीर्घांक, अभिवाचन, एकांकिकांची संध्याकाळ. राज्य नाट्य स्पर्धेला उतरणारे इथले हौशी संघ तालमीला आणि आधीच्या एखाद्या प्रयोगाला जागा शोधत असतात. त्यांना सप्टेंबरच्या उत्तरार्धात दोन शनिवार द्या. त्यांना प्रेक्षकांसमोर नाटक तपासता येईल आणि तुम्हाला ताजं नाटक मिळेल. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकाच्या सरकारी सेन्सॉरचं) प्रमाणपत्र आणि लेखकाची लेखी परवानगी दोन्ही आहे ना, ते आधी पाहा. गणपतीचे दिवस मात्र मोकळे सोडा. त्या दहा दिवसांत कोल्हापूर रस्त्यावर असतं, आणि तुमचे स्वयंसेवकही आपापल्या तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या मंडळाच्या, मांडवात असणार.

व्याख्यानांचं फार लांबवत नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं, त्यामुळे वाचणारा आणि प्रश्न विचारणारा श्रोता इथे पिढ्यान्पिढ्या तयार झालाय. त्याचा वेळ सांभाळा. दीपप्रज्वलन, स्वागत, परिचय, सत्कार, प्रास्ताविक, अध्यक्षीय यांत पाऊण तास गेला तर वक्ता बोलायला उठेपर्यंत मागची माणसं घड्याळ बघू लागतात. परिचय दोन मिनिटं, वक्ता पन्नास मिनिटं, प्रश्न अर्धा तास. प्रश्न चिठ्ठीवर घ्या, म्हणजे लाजणारी मुलगीही विचारते आणि भाषण करायला उठणाऱ्याला आपोआप आळा बसतो. विषय पोस्टरवर नीट लिहा. ‘साहित्य आणि समाज’ असं लिहिलं तर कुणी येणार नाही. ‘पंचगंगेचा पूर दरवेळी शिरोलीत रस्ता का अडवतो’ असं लिहिलंत तर खुर्च्या कमी पडतील.

तिकीट ठेवा, छोटं का असेना. समजा शंभर रुपये तिकीट आणि एकशे दहा माणसं, तर अकरा हजार जमले. त्यात साथीदारांचं मानधनही धड निघणार नाही हे मला माहीत आहे. उरलेलं देणगीतून उभं करावं लागेल. पण पैसे देऊन आलेला माणूस वेळेवर येतो आणि मध्येच उठत नाही. विद्यार्थ्यांना वीस रुपये. फुकट पास मात्र नकोत. एका कार्यक्रमात पुढच्या दोन रांगा मान्यवरांसाठी राखल्या होत्या, मान्यवर आले नाहीत, आणि शंभरेक रसिक मागे उभे असताना गायकाने रिकाम्या खुर्च्यांकडे बघत अडीच तास गायलं. व्यवस्थेत मीही होतो. त्यानंतर मी एकही खुर्ची राखलेली नाही, जो आधी येईल तो पुढे बसेल.

मुंबईचं मोठं नाव जाऊ द्या असं मी म्हणत नाही. त्यांना नोव्हेंबरात बोलवा. तोवर पाऊस गेलेला असेल, तुमची घोंगडी जागेवर बसलेली असेल, साउंडवाल्याला सभागृहाचा कान आलेला असेल आणि दर शनिवारी येणारी साठ-सत्तर माणसं तुम्ही नावाने ओळखत असाल.

येत्या रविवारी सकाळी साडेआठला मी सभागृहावर येतो. सोबत दोन घोंगड्या आणतो, शिडी आणि दोरी तुम्ही ठेवा. किल्ली ज्याच्याकडे असते त्याला वेळेवर यायला सांगा, आणि ज्याला चांगली टाळी वाजवता येते अशा एकाला. पाऊस असेल तर उत्तमच.